मर्व्ह ट्रेगरचा काटा

बेव्हन नॉस्कीने मर्व्ह ट्रेगरच्या इंजिनावर पेटीभर बर्फाचं पाणी ओतलं, ते निव्वळ प्रेमापोटी. पण प्रेमापोटी ओतलं म्हणून तापलेला धातू तडकायचा थांबत नाही.

झालं असं, की मर्व्हने स्वतःच्या हाताने बांधलेलं दोन माणसांचं विमान कुरामिंडा गावाच्या धावपट्टीवर उतरलं, पत्र्याच्या शेडपाशी येऊन थांबलं आणि त्याच्या नाकातून धूर निघायला लागला. मर्व्ह आत बसून पट्टे सोडवत होता. बेव्हन बाहेर, शनिवारच्या मंडळींसाठी आणलेल्या बिअरच्या बर्फपेटीवर बसला होता. त्याने जन्मभर शाळेची बस चालवलेली. धूर दिसला की आधी विझवायचं आणि मग विचारायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो उठला, पेटी उचलली आणि बॉनेटच्या पुढच्या भोकातून आत रिकामी केली. पाणी गेलं, बर्फ गेला, बिअरचे दोन डबे तेवढे भोकात अडकले. धूर आगीचा नव्हताच. फटी बुजवायला लावलेला लाल डिंक जळत होता. आतून काच तडकल्यासारखा एक बारीक आवाज आला.

मर्व्ह खाली उतरला. भोकाला डोळा लावून त्याने बराच वेळ पाहिलं. मग अडकलेला एक डबा उपसून काढला, उघडला, अर्धा प्यायला आणि म्हणाला, "एक सिलिंडर गेलं."

तेव्हापासून कुरामिंडात बेव्हनला बर्फ्या म्हणतात. त्याची बायकोसुद्धा म्हणते.

मर्व्हने त्याला शिव्या दिल्या नाहीत. नवं सिलिंडर बसवताना बॅटरीचा उजेड धरून उभं राहायची शिक्षा मात्र दिली, आणि ती शिक्षा पुढे कधी संपलीच नाही. बेव्हन रोज शेडवर जायला लागला. निवृत्त माणसाला रोज कुठेतरी जायला लागतंच.

आता मर्व्हचं सगळ्यात मोठं दुखणं सांगायला हवं. मर्व्ह हा त्या पंचक्रोशीचा फ्रिजवाला. खाटकाची थंड खोली, गुत्त्यातली बिअरची खोली, कोळ्यांचा बर्फखाना आणि इस्पितळातली मयत ठेवायची कपाटं, सगळं त्याच्या हाताखालचं. ज्या माणसाने गावाचं लोणी, मासळी आणि मयतं उभ्या हयातीत कधी तापू दिली नाहीत, त्याला आपलं एवढंसं इंजिन गार ठेवता येईना. गुत्तेवाल्या ब्रेंटनला तर हे आंदणच मिळालं. मर्व्ह आत शिरला की तो म्हणायचा, "मर्व्ह, आज रात्री विमान माझ्या फ्रीझरमध्ये ठेव. सकाळी मटारांबरोबर बाहेर काढू." मर्व्ह हसायचा नाही. तो ग्लास हातात घेऊन बिअर गार आहे का ते बघायचा, आणि ती गार असायची. त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटायचं.

मर्व्हची दुसरी ख्याती म्हणजे तो खोटं बोलत नसे. हे त्याच्यावरचे संस्कार की त्याची खोड, हे कुणालाच सांगता येणार नाही. आईवडील कडक लुथेरन पंथाचे, घरात दर रविवारी बायबल आणि दर सोमवारी त्यावरची उलटतपासणी. पाद्रीबाबांनी एकदा चर्चच्या दारात हात मिळवताना विचारलं, प्रवचन कसं झालं. मर्व्ह म्हणाला, लांबलं. बेव्हनच्या बायकोने आपल्या साठीच्या केकबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला, कोरडा आहे. लोक त्याच्यावर रागावत नसत. त्यांनी आपलं त्याला प्रश्न विचारायचंच सोडून दिलं होतं. हवापाण्याचं बोलायचं, पिकांचं बोलायचं, पण नवा अंगरखा घालून त्याच्यापुढे उभं राहायचं नाही.

विचारायचं सोडलं नव्हतं ते फक्त लोर्नाने, त्याच्या बायकोने. तिला त्या खरेपणाचा अभिमानच होता. इतरांचे नवरे कुठून आले, किती प्यायले, हे त्यांना वासावरून ओळखावं लागे. लोर्ना नुसतं विचारायची.

हे विमान तिच्यासाठी होतं. तिची थोरली बहीण वेरा आखातापलीकडच्या गावात राहायची. कुरामिंडाच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर स्वच्छ दिवशी पलीकडचे डोंगर दिसतात. पण गाडीने जायचं तर आखाताला पूर्ण वळसा घालून दिवस मोडायचा. लोर्नाची पाठ गेल्यापासून तिला तासभरही गाडीत बसवत नसे. मर्व्हने तिला सांगितलं होतं, मी तुला वरून नेतो, चहाचा थर्मास गार व्हायच्या आत. मग मोडक्या फ्रिजांनी भरलेली शेड त्याने रिकामी केली आणि अकरा वर्षं त्यात विमान बांधलं. तोवर वेरा म्हातारी झाली, वृद्धाश्रमात गेली आणि माणसं विसरायला लागली. आधी शेजारी विसरली, मग भाचे. अजून लोर्नाचा आवाज तिला ओळखू यायचा.

आणि विमान होतं जमिनीवर. नियम असा, की घरी बांधलेलं विमान ठरावीक तास एकट्याने उडवल्याशिवाय शेजारी कुणाला बसवायचं नाही. मर्व्हचं विमान तर वर गेल्यावर दहा मिनिटांत तापमापकाचा काटा तांबड्या पट्ट्यात नेऊन ठेवायचं. की परत खाली. दहा-दहा मिनिटांची चिल्लर जमवून तास कधी भरायचे? घरी गेलं की लोर्ना विचारायची, "काटा कुठवर गेला?" मर्व्ह म्हणायचा, "तांबड्यात." लोर्नाने एकदाच सांगून ठेवलं होतं, की काटा तांबड्यात जातोय तोवर मी त्यात पाय ठेवणार नाही. मग दोघं जेवायला बसायची.

दोन उन्हाळे मर्व्हने त्या इंजिनापुढे हात टेकले नाहीत. पुढची भोकं मोठी केली. सिलिंडरांभोवतीचे पत्र्याचे आडोसे पुन्हा कापले, त्यांच्या फटी रबराने बुजवल्या. तेलाचा कूलर उजवीकडून डावीकडे नेला. पेट्रोल जास्त सोडून पाहिलं, प्लग बदलले. बॉनेटवर लोकरीचे तुकडे चिकटवून वारा कुठून जातो तेही पाहिलं. ती लोकर लोर्नाच्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरची होती. प्रत्येक शनिवारी शेडपाशी सॉसेज भाजत मंडळी जमायची आणि सल्ले द्यायची. खाटीक म्हणायचा, हवा आत जास्त घ्या. ब्रेंटन म्हणायचा, हवा बाहेर जास्त सोडा. बेव्हनला मत द्यायची बंदी होती. चारातली तीन सिलिंडरं शहाण्यासारखी वागायची, मागचं डावं तेवढं भलतंच तापायचं. तापमापक एकच होता, जुना. त्याची तार एका तांब्याच्या चकतीला जोडलेली आणि ती चकती त्या मागच्या डाव्याच्या प्लगखाली बसवलेली. सगळ्यात जास्त जे तापतं त्याच्यावर डोळा ठेवायचा, हे उघडच आहे.

मग मार्चमध्ये एका शनिवारी मर्व्ह वर गेला आणि पाऊण तास खाली आला नाही. बेव्हन डोळ्यांवर हात धरून आकाशात त्याला शोधत राहिला. उतरल्यावर मर्व्ह म्हणाला, काटा हिरव्यात राहिला. मंडळींनी जल्लोष केला. खाटीक म्हणाला, मी म्हटलंच होतं, हवा आत घ्या. ब्रेंटन म्हणाला, मी म्हटलं होतं बाहेर सोडा. दोघांचं चांगलंच जुंपलं. या गडबडीत नेमकं काय केलंस, हे मर्व्हला कुणी विचारलंच नाही. त्याला न विचारायची गावाला सवयच होती. मर्व्हने सॉसेजही खाल्लं नाही. दमला असेल, असं बेव्हनला वाटलं.

तास भराभर भरले. घरी लोर्ना विचारायची, काटा कुठवर गेला? मर्व्ह म्हणायचा, हिरव्यात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती उठून आत गेली आणि तिने वेराच्या आश्रमात फोन लावला.

बेव्हनच्या मनात मात्र एक कुसळ राहिलं होतं. बॉनेटच्या डाव्या बाजूचा पांढरा रंग, मागच्या सिलिंडरच्या बरोब्बर वर, तपकिरी व्हायला लागला होता. दूध उतू गेलं की शेगडीवर पडतो तसला डाग. गार इंजिनाला असा डाग कशाला पडेल? पण त्याला मत द्यायची बंदी होती, आणि बर्फाच्या पाण्यानंतर इंजिनाबद्दल तोंड उघडायची त्याला लाजही वाटायची.

जायचा दिवस उजाडला. वारा पडलेला, आखाताचं पाणी शिशासारखं सपाट. लोर्नाने केस बसवून घेतले होते. वेराच्या आवडीच्या मधाच्या बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन ती विमानात उशीला टेकून बसलीदेखील. मर्व्ह पेट्रोलचे कॅन आणायला शेडच्या मागे गेला होता. बेव्हनकडे काचा पुसायचं आणि तेल बघायचं काम. तेल बघायला बॉनेटमधलं छोटं दार पुरतं. बेव्हनने अख्खं बॉनेट उघडलं.

तांब्याची चकती पुढच्या उजव्या प्लगखाली होती. सगळ्यात गार राहणाऱ्या सिलिंडरवर. मागच्या डाव्याच्या प्लगखाली नुसता तिचा वळ उरला होता.

बेव्हनला बिअरच्या खोलीची गोष्ट आठवली. मर्व्हच ही गोष्ट पोट धरून हसत सांगायचा. ब्रेंटन रोज फोन करून पिडायचा, बिअरची खोली गार होत नाही म्हणून. खोली चांगली गार होती. मर्व्हने एक दिवस जाऊन दारापाशी टांगलेला थर्मामीटर काढला आणि आतल्या गार नळीखाली टांगला. ब्रेंटन खूश, गिऱ्हाइकंही खूश. मर्व्ह म्हणायचा, मी एक शब्द खोटा बोललो नाही. थर्मामीटर बोलला.

मर्व्ह कॅन घेऊन आला. बेव्हनने हळू आवाजात विचारलं, "ही चकती पुढे कधी आली?"

"मार्चमध्ये."

"का?"

"मागचं तापतं म्हणून."

विचारलं म्हणून सांगितलं, काही लपवलं नाही. बेव्हनला क्षणभर वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

"आणि लोर्ना?"

"तिने काटा विचारला. मी काटा सांगितला." मर्व्हने कॅन खाली ठेवला. "अर्ध्या तासाचं पाणी ओलांडायचं आहे, बेव्हन. इंजिन तेवढं धरतं. महिनाभर धरलंय."

"जमिनीवरून उडताना धरलंय. खाली बार्लीची शेतं होती."

"वेरा विसरत चालली आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग बॉनेट लाव, बर्फ्या."

बेव्हनने बॉनेट लावलं नाही. काय करावं ते त्याला कळेना. मित्राची चहाडी बायकोपाशी करायची, ही गोष्ट त्याने कधी केली नव्हती. बसमधल्या पोरांच्यासुद्धा आईबापांना त्याने कधी काही कळवलं नव्हतं. तो हळूहळू विमानाच्या दाराशी गेला. लोर्ना आत बिस्किटांच्या डब्यावरची फीत सारखी करत होती. तो म्हणाला, "लोर्ना, काटा किती, ते विचारू नकोस त्याला. काट्याची तार कुठे बांधली आहे, ते विचार."

लोर्नाने त्याच्याकडे पाहिलं, मग विमानाच्या नाकापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्या नवऱ्याबरोबर तिने जन्म काढला होता. नेमका प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"मर्व्ह, तार कुठे बांधली आहेस?"

  मर्व्हने सांगितलं, "पुढच्या उजव्याला."

"आणि तापतं कुठलं?"

"मागचं डावं."

"अजून?"

"अजून."

लोर्नाने पट्टा सोडला. पाठ तशी असताना विमानात चढणं सोपं, उतरणं अवघड. दोघेही हात द्यायला पुढे झाले. तिने बेव्हनचा धरला. जमिनीवर पाय टेकल्यावर ती थोडा वेळ पंखाला धरून उभी राहिली.

"तुला खोटं बोलता येत नाही, असं मी जगभर सांगत फिरले," ती मर्व्हला म्हणाली. आवाज चढवला नाही. मग बेव्हनकडे वळून तिने विचारलं, त्याची गाडी आखाताला वळसा घालून जाईल का. जाईल, बेव्हन म्हणाला, पण तुझी पाठ. पाठीचं मी बघते, ती म्हणाली, वाटेत झोपून घेईन, तू फक्त उशा आण. परवा फोनवर वेराने तिला नावाने हाक मारली होती. पुढच्या महिन्यात मारेल की नाही कुणास ठाऊक. बिस्किटांचा डबा छातीशी धरून ती एक एक पाऊल टाकत बेव्हनच्या गाडीकडे गेली आणि मागच्या सीटवर जाऊन आडवी झाली. दार तिने उघडंच ठेवलं.

मर्व्ह इंजिनासमोर गुडघे टेकून बसला होता. पुढच्या प्लगखालची चकती त्याने सोडवली होती आणि तार ओढून मागे नेत होता, मूळच्या जागी. वाकल्यामुळे त्याची मान दिसत होती, उन्हाने रापलेली, सुरकुतलेली. इतक्या वर्षांत ती मान अशी म्हातारी बेव्हनला कधी दिसली नव्हती. निघायला हवं होतं, वाट लांबची होती. तरी त्याचा पाय निघेना. एक गोष्ट विचारून घेतल्याशिवाय दिवसभर गाडी चालवणं त्याला जमणार नव्हतं, आणि उत्तर काय हवं ते त्याचं ठरलेलं होतं.

"मर्व्ह," तो म्हणाला, "तू खरंच तिला त्या पाण्यावरून नेलं असतंस?"

"नेलं असतं. तो दहाचा पाना दे."