लांडगेआजींचा सभ्य लांडगा

वाचनालयात दर रविवारी मुलांना गोष्ट सांगणाऱ्या बाईंचं खरं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांच्या त्या लांडगेआजी. लांडग्याचा आवाज असा काढायच्या की पुढच्या रांगेतली मुलं सरकत सरकत मागच्यांच्या मांडीत जाऊन बसायची. एरवी बाई शेजारच्या मांजरालाही वचकून असायच्या. मोठ्या माणसाला तोंडावर "नाही" म्हणणं तर त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

आणि लांडगा नि करडांची गोष्ट खुपू लागली ती नेमकी मोठ्यांनाच. एक आई म्हणाली, मुलगा लांडग्याच्या भीतीने अंथरूण ओलं करतो. मुलगा ते आधीपासूनच करत होता, आता आईला कारण सापडलं इतकंच. बाईंनी लांडग्याचे दात काढून टाकले. कुणाच्या तरी वडिलांना तो दारावर धडका मारतो हे असभ्य वाटलं, म्हणून तो बाहेर उभा राहून परवानगी मागू लागला. करडं गिळणं एका काकूंना सोसेना, मग त्याच्या हातात गाजर आलं. शेवटी पालक समितीचे अध्यक्ष म्हणाले, लांडग्याचीही काही बाजू असेलच की! ती ऐकून घेण्यातच अर्धा तास जाऊ लागला.

ग्रंथपाल खूश होते. "बाई, मुलं किती शांत बसतात हल्ली!"

शांत कसली, निम्मी पेंगत असायची आणि उरलेली भिंतीचे पोपडे काढायची. मुलांनी श्वास रोखून धरावा, त्या एका क्षणासाठी बाई आठवडा काढायच्या. तो क्षण गेला, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? बाई तर नक्कीच नव्हेत.

बाईंच्या सहा वर्षांच्या नातीने एका रविवारी चपला घालायलाच नकार दिला.

"मी नाही येणार. तुझा लांडगा नुसता बोलत बसतो."

"आज खरा आणते, चल."

"नाही आणलास तर मी पुन्हा कध्धीच येणार नाही."

बाईंनी गोष्ट सुरू केली. बकरी रानात गेली, करडांनी आतून कडी घातली. बाईंचा आवाज खाली उतरला, घोगरा झाला. पोपडे काढणारे हात थांबले. एका मुलाने शेजारच्याची बाही घट्ट पकडली. बाईंना इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

तेवढ्यात काचेच्या दाराबाहेर उभ्या अध्यक्षांची भुवई वर गेली.

"...आणि लांडगा म्हणाला," बाई घाईघाईने म्हणाल्या, "आत येऊ का? तुम्हाला चालणार असेल तरच हं!"

बाही सुटली. कुणीतरी मोठी जांभई दिली. नात उठून आजीजवळ आली.

"घाबरलीस ना?"

"छे गं! लांडग्याला कोण घाबरतंय?"

"लांडग्याला नाही." नातीने दाराकडे बोट केलं. "त्या काकांना. तुझा लांडगापण त्यांनाच घाबरला."

मुलं खो खो हसली. त्या दिवशी ती हसली ती एवढीच. पुढच्या रविवारी बाई वाचनालयात एकट्याच गेल्या.