राक्षसाची धुतलेली हनुवटी

सत्तरच्या दशकात आसेगावच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, एक शेतमजूर राक्षस व्हायचा. तोंडाला काजळ फासून तो कोंबडीचं मुंडकं दाताने तोडल्याचं सोंग करी. हनुवटीवरून रक्त ओघळलं की बाया पोरांचे डोळे झाकत. त्याला पाहायला मंगरूळपीरहून माणसं येत.

एका वर्षी माझी धाकटी बहीण इतकी घाबरली की तिचं जेवण सुटलं. आईने त्याला घरी बोलावलं. तो तोंड धुऊन आला, तरी ती गोधडीबाहेर येईना.

"भाऊ, तिच्यासमोर तोंड रंगवून दाखवा," आई म्हणाली.

"वैनी, मंग मले गावात कोन भेईन?"

"पोरगी जेवून नाही राह्यली, अन् तुमाले सोंगाची पडली?"

तो ओट्यावर बसला. त्याने काजळ फासलं, तोंडात कुंकवाचं पाणी घेऊन ओघळू दिलं आणि सगळं धुऊन टाकलं. बहिणीने त्याची हनुवटी चाचपून पाहिली. दुपारी ती जेवली. संध्याकाळपर्यंत तिने गल्लीतल्या पोरांना सारं सांगितलं.

पुढच्या वर्षी राक्षस येताच पोरं ओरडली, "कुंकवाचं पानी! कुंकवाचं पानी!" त्याने खेळ पुरा केला. त्यानंतर दंडारीत मी त्याला फक्त ढोलकीवर पाहिलं.