हरणामागचा शिकारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सातपुड्यातल्या एका गुहेत गेरूनं काढलेला शिकारी माझ्यामुळे पुसला गेला. मागच्या हिवाळ्यात फोटोत रंग उठून दिसावा म्हणून मी त्याच्यावर ओला रुमाल फिरवला होता. तेव्हा माझे शेजारी गुहेबाहेर चपला घालत होते.

ती गुहा मला त्यांनीच दाखवली. आमच्या पिपरी मेघे गावात त्यांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी मोजकंच बोलतात, पण दर हिवाळ्यात तिथं गेले की भिंतीवरच्या हरणाची थट्टा करतात, "काऊन गा, अजून पळूनच राह्यला?" मग शिकाऱ्याला म्हणायचे, "तुमचा नेम काही लागून नाई राह्यला, भाऊ!" हजारो वर्षांपूर्वीची ती चित्रं त्यांच्या बोलण्यात घरच्या सोयऱ्यांसारखी व्हायची.

यंदा शिकाऱ्याच्या जागी नुसता डाग होता. ते त्या डागापाशी गेले. मग हरणापाशी वाकून हळूच म्हणाले, "थांब गा आता. तो गेला."

परतताना त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकर मला दिली. रुमाल माझा होता, एवढं त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.