मुकुंदराव खानझोडे समाजवादी कसे झाले

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुकुंदराव खानझोडे राहतात. नागपूरचा सक्करदरा तलाव इथून पायी जाण्याइतका जवळ, म्हणून सकाळी फिरायला जाणाऱ्यांत ते सगळ्यांत पुढे. सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला टाचणीसुद्धा विकली नाही. तरी ते स्वतःला भांडवलशाहीचे कट्टर समर्थक म्हणवत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत.

त्यांची व्याख्या साधी होती. जे चालतं ते भांडवलशाही, जे बंद पडतं ते समाजवाद. लिफ्ट वर गेली की खाजगी कंपनीची करामत, मधे अडकली की आतून आवाज यायचा, "या देशातून समाजवाद गेलाच नाही अजून." सरकारनं केलेलं सगळंच समाजवादात जमा होई. रेशन, टपाल, सरकारी दवाखाना. एक त्यांचं पेन्शन तेवढं सोडून. ते मेहनतीचं होतं.

"समाजवाद आला की दात घासायचा ब्रशही सरकारजमा होतो," असं ते नव्या भाडेकरूंना पहिल्याच भेटीत सांगत. ब्रश घेऊन सरकार काय करेल, हे कोणी विचारलं नाही.

पहिल्या मजल्यावर भैय्याजी वैरागडे राहतात. ते आमच्या गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष, मुकुंदराव सचिव. भैय्याजी पक्के समाजवादी, म्हणजे खादीचा कुडता घालतात. महाल भागात त्यांची दोन दुकानं आणि वरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत. नफा म्हणजे चोरी, हा त्यांचा सिद्धांत. भाड्याचं काय, असं मुकुंदरावांनी एकदा विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "भाडं कुठून नफा झालं गा? ते तं वडिलोपार्जित आहे."

फिरून झालं की दोघे तलावाजवळच्या गाडीवर झणझणीत रस्सा ओतलेले तर्री पोहे खात आणि भांडत.

"हा पाह्य, हा भांडवलदार," भैय्याजी पोहेवाल्याकडे बोट दाखवत. "पोहे सस्त्यात घेते, महाग विकते. शोषण आहे हे सरळसरळ. थोडी तर्री टाक गा अजून."

"तो भांडवलदार आहे म्हणून तुला गरम खायला मिळून राहिलं," मुकुंदराव म्हणत. "समाजवादात अर्ज करावा लागला असता."

ज्याच्यावरून हे चाले तो पोहेवाला पहाटे उठून कांदा चिरणारा माणूस. त्याला दोन्ही बाजूंनी भांडवलदार ठरवलेलं पाहून तो फक्त प्लेटा विसळायचा.

मागच्या हिवाळ्यात ज्येष्ठ नागरिक मंडळानं महालातल्या एका मंगल कार्यालयात वादविवाद ठेवला. विषय, 'भांडवलशाही की समाजवाद'. दोघांचीही नावं बॅनरवर छापून आली. मुकुंदरावांनी भाषण लिहून काढलं, आरशासमोर म्हणून पाहिलं, आणि आदल्या दिवशी मंडळाचा फोन आला की बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आहेत. मुकुंदरावांना समाजवाद आला होता. भैय्याजींना भांडवलशाही.

मुकुंदराव जेवले नाहीत.

"मग जाऊ नका," चारुलताबाई म्हणाल्या. मुकुंदरावांच्या पत्नी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि मोजकं बोलतात.

"बॅनरवर नाव आहे माझं. काहून नाही जाऊ?"

चारुलताबाईंनी भाषणाचे कागद मागून घेतले, चष्मा लावून सगळे वाचले आणि परत दिले. "शब्द बदला फक्त. बाकी यात तुम्ही तसंही काही म्हटलेलं नाही."

मुकुंदरावांना राग आला. रागाच्या भरातच त्यांनी पेन घेतलं. भांडवलशाही होतं तिथं समाजवाद केलं. उद्योजकाच्या जागी कामगार आला, सरकारी बाबूच्या जागी शेठजी. ब्रशचं वाक्य काढावं लागलं, बाकी सगळं जागच्या जागी बसलं. त्यांना स्वतःलाच थोडी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते जोरदार बोलले. "कष्ट करणाऱ्याच्या पदरात त्याच्या कष्टाचं फळ पडलं पाहिजे. आयत्या बिळावर बसणारे नागोबा आता हाकलले पाहिजेत. सामान्य माणसाची गळचेपी किती दिवस चालणार?" टाळ्या पडल्या. मधे एकदा सवयीनं 'भांडवलशाहीशिवाय तरणोपाय नाही' असं तोंडून गेलं. टाळ्या तिथंही पडल्या.

मग भैय्याजी उठले. त्यांनी आपलं भाषण कोणाला विचारून कसं फिरवलं माहीत नाही, पण त्यांच्याही भाषणात कष्ट करणाऱ्याला फळ मिळालं आणि नागोबा हाकलले गेले.

परीक्षक म्हणून कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सुरुची नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी दोघांना एकच प्रश्न विचारला.

"पोहेवाला घ्या. गाडी त्याची स्वतःची, राबतो तो स्वतः, हाताखाली कोणी नाही. तो बाजारात विकतो, म्हणून तो भांडवलदार होतो का? आणि एखाद्या कारखान्याची मालकी सरकारकडे गेली, पण तिथल्या कामगाराला कोणी काही विचारतच नाही, तर तो समाजवाद झाला का? विकणारा कोण, यापेक्षा साधनं कोणाच्या मालकीची आणि निर्णय कोणाच्या हातात, हे आधी पाहायला नको का?"

मुकुंदरावांनी भैय्याजींकडे पाहिलं, भैय्याजींनी मुकुंदरावांकडे. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, की हा प्रश्न विषयाला सोडून आहे. तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरीनं माइक घेऊन सांगितलं की समोसे थंड होऊन राहिले. सभागृह उठलं. सुरुचीबाईंनी मुकुंदरावांना पहिला नंबर दिला, भैय्याजींना दुसरा. स्पर्धक दोघेच होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात शालश्रीफळासकट फोटो आला. खाली छापलं होतं, 'समाजवादी विचारवंत मुकुंद खानझोडे'. मुकुंदराव पेपरवाल्यांना फोन करून दुरुस्ती मागणार होते. पण सकाळी तलावावर तीन अनोळखी माणसांनी नमस्कार केला, एकानं 'सर' म्हटलं. दुरुस्ती राहिली. पुढे दोन ठिकाणी बोलावणं आलं, आणखी दोन शाली मिळाल्या. नागपुरात शालीचं काम वर्षातून दीड महिना पडतं, पण मान बारमाही असतो.

हा फोटो आमच्या फाटकावरच्या प्रशिक गजभियेनंही पाहिला. प्रशिक आमचा वॉचमन, पन्नाशीचा माणूस. आधी शहराबाहेर मिहान उद्योगवसाहतीतल्या एका गोदामात माल उचलायचा, तिथं गुडघा गेला. आमच्याकडे तो दिवसभर उभा असे, कारण आधीचा वॉचमन खुर्चीवर झोपतो म्हणून संस्थेनं खुर्ची काढून टाकली होती. ठराव मुकुंदरावांचाच होता.

"काकाजी, पेपरात वाचलं तुमचं," प्रशिक म्हणाला. "कामगाराले त्याचा हक्क भेटला पाहिजे, असं बोलले म्हणे तुम्ही."

"बोललो."

"मंग फाटकावर एक खुर्ची भेटली तं बरं होईन. उभं राहून गुडघा सुजते."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मुकुंदराव म्हणाले. "असा फाटकावर नाही सुटायचा."

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून आम्ही सगळे बसलो आणि प्रशिकच्या खुर्चीवर चर्चा सुरू झाली.

"फुकट दिलं की माणूस आळशी होतो," मुकुंदराव म्हणाले. "आज खुर्ची, उद्या पंखा, परवा फ्लॅट मागन."

"पण काका, तुम्ही तर समाजवादी ना आता?" नूपुरनं विचारलं. ही तळमजल्यावरची मुलगी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

"व्यापक अर्थानं," मुकुंदराव म्हणाले.

भैय्याजींचा आक्षेप वेगळा होता. "खुर्ची कोणाच्या नावानं राहीन? प्रशिकच्या नावानं दिली तं ते खाजगी मालमत्ता झाली. तिले माझा विरोध आहे. सर्वांची ठेवली तं सर्वांना बसाचा हक्क पाहिजे. मंग तो केव्हा बसन?"

"आमची कंपनी खाजगी आहे," नूपुर म्हणाली. "तिथं आम्हाला पाठीला टेका देणाऱ्या चांगल्या खुर्च्या दिल्यात. माणूस नीट बसला तर काम नीट होतं, म्हणून."

"हीच तर भांडवलशाहीची ताकद," मुकुंदराव खूश होऊन म्हणाले.

"मग इथेही देऊ."

"इथे दिली की तो समाजवाद होईल."

नूपुरनं मोबाईल काढला आणि उरलेल्या सभेत वर पाहिलं नाही. ही सहकारी संस्था आहे, इमारत आपल्या सगळ्यांच्या मालकीची आहे, दर माणशी एक मत आहे, मग आपण कशात मोडतो, असं मी विचारून पाहिलं. भैय्याजी म्हणाले, "ते रजिस्ट्रेशनपुरतं आहे."

चारुलताबाई इतका वेळ कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या, बसलेली खुर्ची उचलली आणि लिफ्टनं खाली गेल्या. सभेचं लक्ष नव्हतं, कारण तेव्हा मुकुंदराव रशियावर आले होते. शेवटी या विषयासाठी उपसमिती नेमायचं ठरलं, सदस्य मुकुंदराव आणि भैय्याजी. आम्ही खाली उतरलो तर प्रशिक फाटकावर खुर्चीत बसलेला, पाय लांब करून गुडघा चोळत. मुकुंदरावांनी वर जाऊन इतिवृत्तात लिहिलं, 'सचिवांच्या पुढाकाराने पहारेकऱ्यास आसन उपलब्ध करून देण्यात आले.'

आता खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण खुर्ची आल्यामुळे फाटकावर बसायची सोय झाली, आणि मुकुंदराव पेपर घेऊन रोज सकाळी तिथं येऊ लागले. ते आले की प्रशिक उठे. ते बसत आणि त्याला श्रमिकांच्या हक्कांबद्दल समजावून सांगत. तो एका पायावर भार टाकून उभा राहून ऐके, 'हो जी' म्हणे.

चारुलताबाईंना हे बाल्कनीतून दिसे. मग वरून हाक येई, "अहो, गॅसवाला आलाय." गॅसवाला आलेला नसे. कधी फोन आलेला असे, तोही नसे. मुकुंदराव धापा टाकत वर जात आणि प्रशिक बसे. "बायकांना विचारसरणीत रस नसतो," अशी तक्रार मुकुंदरावांनी भैय्याजींपाशी केली. भैय्याजींनी मान डोलावली. त्यांच्याही घरी तेच होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर प्रशिकला जावयानं उमरेडला बोलावून घेतलं आणि त्याच्या जागी धर्मेंद्र आला. पहिल्याच सकाळी मुकुंदराव पेपर घेऊन खाली गेले. धर्मेंद्र खुर्चीत बसून चहा पीत होता. त्यानं वर पाहिलं, हसून नमस्कार केला आणि बसूनच राहिला.

मुकुंदराव खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. खाकरले. धर्मेंद्रला वाटलं, त्यांना काही सांगायचं आहे.

"बोला ना काकाजी," तो म्हणाला. "ऐकून राहिलो मी."

आणि मुकुंदराव बोलले. उठ म्हणायला काही कारण सापडेना, आणि गप्प बसायची सवय नव्हती. त्या दिवशी श्रमिकांच्या हक्कांवरचं सगळं व्याख्यान त्यांनी उभ्यानं दिलं. वरून कोणाची हाक आली नाही. चारुलताबाई बाल्कनीत होत्या, मी त्यांना पाहिलं. त्या निवांत मटार सोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराव गुडघ्याला बाम लावून तलावावर आले आणि भैय्याजींना म्हणाले, "मी काय सांगत होतो? समाजवाद आला की माणसाला बसायलाही जागा राहत नाही."

"भांडवलशाही आहे म्हणून असं होते गा," भैय्याजी म्हणाले, आणि दोघांनी पोहे मागवले.