गोवावाल्या काकांचे रबरी पंजे

गोवावाले काका माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी पायांकडे. ढाणकीजवळच्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात ते रक्तदाब तपासायला आले आणि बसल्याबसल्या माझ्या चपलांकडे टक लावून पाहत राहिले. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"घाबरू नका सिस्टर," ते म्हणाले. "तुमचा उजवा पंजा डाव्याहून रुंद हाय. पाण्यात जाल तर तोच आधी त्रास देईन."

"मी कशाला जाते पाण्यात?" मी हसत विचारलं.

ते हसले नाहीत. खिडकीतून दिसणाऱ्या नाल्याकडे त्यांनी मान वळवली. "पावसाळा येऊ द्या," एवढंच म्हणाले.

काकांनी वीस-बावीस वर्षं गोव्यात काढली होती. किनाऱ्यावरच्या एका दुकानात ते पर्यटकांना लाटांवर चालवायच्या फळ्या भाड्यानं देत, आणि फळ्यांबरोबर पायात घालायचे रबरी पंजे. त्यांना ते फिन म्हणत. कुणाच्या पायाला कोणता फिन बसेल हे ते लांबूनच सांगत, असं काकू सांगायच्या. गावी परतताना त्यांनी तिथली एक बुटकी, रुंद फळी आणली होती. तिच्यावर उभं राहायचं नसतं, गुडघे टेकून बसायचं असतं. त्या सवयीनं काकांच्या दोन्ही गुडघ्यांवर काळे, खरखरीत घट्टे पडले होते. सुरुवातीला गाव त्यांना हसलं. इथं समुद्र कुठला, म्हणून लोक विचारायचे. पहिल्या पुरात त्याच फळीवरून त्यांनी नाल्यापलीकडच्या तांड्यात शुगरच्या गोळ्या पोचवल्या आणि हसणं बंद झालं.

आमचा नाला एरवी गुडघाभर. पण वर धरणाची दारं उघडली की पैनगंगा फुगायची आणि तिचं पाणी नाल्यात उलटं शिरायचं. इकडे लख्ख ऊन पडलेलं असायचं, पावसाचा थेंब नसायचा, आणि नाला मात्र न बोलता चढत असायचा. आधी दगड जायचे, मग बाभळीची खोडं, मग पायवाट. काका काठावर उकिडवे बसून ते पाहत. "आवाज करते ते पानी बरं," ते म्हणायचे. "हे मुकं पानी कधी पायाशी येते, समजत नाई."

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात तांड्यातली एक म्हातारी तापानं गेली. त्या दिवशी औषधांची पिशवी घेऊन मी अलीकडच्या काठावर उभी होते. काका परगावी गेलेले होते. पाणी उतरल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि मला फळी चालवायला शिकवा म्हणाले. मी माहेरच्या विहिरीत पोहायला शिकले होते, तेवढ्या जोरावर. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. "पाय ठेवा. सकाळी नाई, संध्याकाळी माप घ्या लागते. दिवसभरात पाय फुगते, तसाच तो पाण्यातबी फुगते."

त्यानंतर पाच महिने त्यांनी माझ्यासाठी फिन शोधले. गोव्यातल्या ओळखीच्या माणसाकडून एकेक जोडी मागवायची, पाझर तलावावर मला घालायला लावायची, आणि परत पाठवायची. आधी बूटी, म्हणजे घोट्यापर्यंतचे जाड रबरी मोजे. ते पायाला घट्ट चिकटले पाहिजेत. सैल असले तर आत पाणी साठून पाय जड होतो. बूटी घातल्यावरच फिन चढवून पाहायचा, नुसत्या पायावर कधीच नाही. पातं रुंद हवं म्हणजे जोर मिळतो, पण आखूड हवं, नाहीतर गुडघ्यांवर बसलं की मागे फळीला अडकतं. टाचेचा पट्टा मऊ, आणि घोट्याला बांधायला एक दोरी, म्हणजे लाटेनं निघाला तरी फिन हरवत नाही. प्रत्येक जोडी घालून अर्धा तास पाय मारायला लावत आणि मग माझी बोटं दाबून पाहत. जरा लाल दिसलं की जोडी बाद.

"मस्त जोर आहे हिच्यात," मी एकदा वैतागून म्हणाले.

"जोर फिनात नसते सिस्टर, पायात असते. पाय दुखला तर जोर कोन लावन?"

चौथी जोडी पसंत पडली. माझ्यासाठी प्लायवूड आणि थर्माकोलची फळीही त्यांनी स्वतः बनवली. त्यांचे स्वतःचे फिन मात्र गोव्यातलेच, जुने. उन्हानं रबर पांढरं पडलं होतं, पट्ट्याजवळ बारीक भेगा दिसत. नवे मागवा म्हटलं की म्हणायचे, "चालून राह्यले अजून."

त्याच सुमारास शहरातल्या काही सज्जनांनी पूरग्रस्तांसाठी म्हणून फिनचे पाच नवे कोरे जोड भेट दिले. कडक प्लास्टिकचे, लांबलचक, टोकाला निमुळते. बूटीवर ते चढतच नव्हते. लोकांच्या टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. काकांनी एक फिन हातात घेऊन वाकवून पाहिला आणि ओसरीतल्या खिळ्याला पाचही जोड टांगून टाकले. "मन चांगलं हाय त्यांचं," ते म्हणाले. "पन हे घालून कोनी नाल्यात नका उतरू."

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी धरणाची दारं उघडल्याचा निरोप आला आणि दुपारपर्यंत नाल्याचं पात्र तिप्पट झालं. ऊन होतं. पलीकडच्या काठावर तांड्यातला एक माणूस हात हलवत ओरडत होता. शब्द तुटत तुटत येत होते. सुनेला कळा, रक्त जातंय, एवढं कळलं. बचावाची बोट दुसऱ्या गावात होती, संध्याकाळी येणार होती. आमच्या काठावर फोन लागत होता, तांड्यात लागत नव्हता.

मी बूटी चढवल्या, औषधं प्लास्टिकच्या डब्यात बंद केली. काका शेजारीच बसून फिन ओढत होते. डाव्या फिनचा पट्टा त्यांच्या हातातच तुटून आला. त्यांनी तो क्षणभर न्याहाळला, उठून घरी गेले आणि खिळ्यावरचा एक जोड घेऊन आले.

"काका, मी एकटी जाते."

"पानी एकट्याचं नसते," ते म्हणाले, आणि बूटी काढून नुसत्या पायावर ते प्लास्टिक चढवायला लागले. अंगठा आत जाताना त्यांचा चेहरा आखडला. मी तो पाहिला आणि फळी उचलली.

गुडघ्यांवर उठून वरून येणारे ओंडके पाहायचे, वाट मोकळी दिसली की पोटावर आडवं होऊन पाय मारायचे, असं करत आम्ही निघालो. माझे पाय एकदाही थकले नाहीत. नेहमी पुढे असणारे काका त्या दिवशी मागे पडले. मी दोनदा वळून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी हातानंच पुढे जा म्हणून खुणावलं.

पलीकडे लागलो तेव्हा त्यांच्या टाचांतून रक्त येत होतं आणि बोटांची नखं निळी झाली होती. मी त्यांच्या पायाचा अंगठा दाबून सोडला. गेलेला रंग परत आला नाही. "मुंग्या आल्या," ते म्हणाले. "जातीन थोड्या वेळानं. तुमी जा आत."

तासाभरात मुलगी झाली. आई बावीस-तेवीस वर्षांची असेल, सारखी "याडी, याडी" म्हणून आपल्या आईला हाक मारत होती. मुलगी रडली, पण आईचं रक्त थांबेना. मी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, एका हातानं तिचं पोट दाबून धरलं. हात सैल केला की रक्त पुन्हा वाहायचं. सलाईनच्या दोनच बाटल्या होत्या. तिला दवाखान्यात न्यायला बोट हवी होती, लगेच, आणि फोन आमच्या काठावरूनच लागत होता. पाणी आणखी रुंदावलं होतं, हाकही तिथवर पोचत नव्हती. तांड्यातले दोघे पोहत जायला तयार झाले. काका दारातूनच त्यांना म्हणाले, "ह्या पान्यात नका उतरू. दोन दोन लेकरं हायेत तुमाले."

मी काकांकडे पाहिलं. ते उंबऱ्याबाहेर बसून दोन्ही पाय चोळत होते. बोटं अजून निळीच होती. मी नर्स आहे. दाबल्यावर ज्या पायात रंग परत येत नाही, तो पाय पाण्यात चालत नाही, हे मला कळत होतं. माझे पाय धड होते, फिन मापाचे होते, पण माझा हात त्या पोटावरून हलवता येत नव्हता.

"काका, जाऊन याल?" मी विचारलं.

त्यांनी पाय चोळणं थांबवलं. मग उठले. "फोनवर काय सांगू ते नीट सांगा," म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी ते शाळेतल्यासारखं एकदा म्हणून दाखवलं आणि लंगडत निघाले. त्यांच्या पायांचा आवाज चिखलात बराच वेळ ऐकू येत होता.

काका अलीकडच्या काठाला लागलेच नाहीत. त्यांची फळी रिकामी वाहत आली, लोकांनी ती ओळखली आणि बोटीला फोन केला. काकांना शोधायला म्हणून बोट अर्ध्या तासात आली. मी तरी जिवंत आहे का ते पाहायला ती आधी तांड्याकडे वळली. बोटीतल्यांनी आम्हाला पाहिलं आणि त्या बाळंतिणीला उचलून नेलं. ती वाचली. काका दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडले.

चौकशी झाली. कागदावर लिहिलं गेलं की ते स्वतःहून गेले. मी सही केली. लोकांनी त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं, सगळं खरं होतं. फक्त मी विचारलं होतं, हे कुठंच आलं नाही.

महिनाभरानं मी काकूंकडे गेले आणि सांगितलं. त्यांचे पाय कसे झाले होते ते, मी ते पाहिले होते ते, आणि तरी विचारलं ते. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"तुमी नसतं विचारलं तरी गेले असते, असं मले सारे सांगते," त्या म्हणाल्या. "मीबी तसंच सांगतो लोकाईले. पन विचारलं त तुमीच ना."

"हो," मी म्हणाले.

त्या बराच वेळ खडे वेचत राहिल्या. मी उभीच होते. जावं की थांबावं, ते कळत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता सुपातले अर्धे तांदूळ ताटात काढले आणि ते ताट माझ्या बाजूला सरकवलं. मी खाली बसले आणि निवडायला लागले.