शेंदराखालची देवी

आमच्या सोसायटीच्या मागे, जुन्या गावाच्या कडेला, गावदेवीचं देऊळ आहे. चार खांब, वर कौलं आणि आत जमिनीतून वर आलेला शेंदराचा मोठा गोळा, असं ते परवापरवापर्यंत होतं. गोळ्याला चांदीचे डोळे आणि नथ. बाकी नाक, तोंड, हात ज्याचे त्याने मनात काढायचे.

एक दिवस आमच्या सेक्रेटरीशेठना वाटलं, की हे आता शोभत नाही. शेठ गुजराती, त्यांचं मार्बलचं दुकान, आणि मन दुकानापेक्षा मोठं. नवं शिखरवालं देऊळ बांधून देतो म्हणाले, आणि आत संगमरवरी देवी, आठ हातांची, हसरी.

"आणि ही?" मी गोळ्याकडे बोट दाखवलं.

"तिला सन्मानाने उत्तनला नेऊ, समुद्रात. वाजतगाजत!"

शेंदूर लावणारे काका तिथेच वात वळत बसले होते. त्यांच्या घराण्याची मिठागरं होती तेव्हापासून देवीचा शेंदूर त्यांच्याच हातचा. मिठागरांवर आता इमारती उभ्या आहेत, हातात राहिला तो शेंदूर. काकांच्या हातातली वात तुटली.

आता, मला गप्प बसता येत नाही. सुटीच्या दिवशी मी लोकांना लेणी आणि देवळं दाखवत फिरतो. बिल्डिंगमध्ये माझं नाव 'लेणीवाला'. मी तिथेच हात पसरून उभा राहिलो आणि शेठना गाठलं. म्हटलं, लेणी कोरणाऱ्यांनी दगडात लाकडी वासे कोरले, शेठ! छपराला त्यांची काडीची गरज नव्हती. पण आधीची देवळं लाकडाची, हाताला सवय लाकडाची, डोळ्याला वासे नसतील तर घर वाटेना. मग दगड रचून देवळं उभी राहिली, शिखरं चढली, पडली, पुन्हा कौलं आली. नवा माणूस जुनं काहीतरी बरोबर घेतोच. तुम्ही काय घेणार?

"लिफ्ट," शेठ म्हणाले. "म्हाताऱ्यांसाठी."

त्याच आठवड्यात देवीच्या डाव्या डोळ्यामागे भेग दिसली.

शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात, आणि कधीतरी ते जड कवच आपोआप सुटतं. देवीने खोळ सोडली म्हणतात. कुणी नख लावायचं नाही, घाई करायची नाही. ती सोडेल तेव्हा सोडेल. काकांनी हे शेवटचं पाहिलं ते वडिलांच्या खांद्यावरून, आणि गर्दीत आतलं काही दिसलंच नव्हतं.

मी हर्षाने वेडा झालो. "आत कोरीव मूर्ती असणार!" मी शेठना सांगितलं. "जुनी, शिलाहारांच्या काळातली. निघाली तर?"

"निघाली तर माझी मार्बलवाली देवी कॅन्सल. नाही निघाली तर तुमचं भाषण कॅन्सल. कायमचं."

हात मिळवला. मागे वळलो तर काका.

"तुमी माझ्या देवीवर पैज लावली?"

मी मिळवलेला हात पाठीमागे लपवला.

मग ते दिवस! भाजी आणायला निघायचो आणि देवळात पोचायचो. ऑफिसातून बायकोला फोन, "बघून ये ना, भेग वाढलीय का?" ती म्हणाली, "इतका जीव माझ्या बाळंतपणातही टांगला नव्हता तुमचा." काका भेगेकडे बघतच नव्हते. गाभारा पुन्हापुन्हा झाडत होते.

मंगळवारी दुपारी कवच सुटलं. चांदीचे डोळे, नथ, सगळं घेऊन एका तुकड्यात काकांच्या मांडीवर आलं. आत काळा, गोल, चपटा दगड. कडेने सगळीकडे पाकळ्यांसारख्या फुगीर धारा, आवळ्याला असतात तशा. चेहरा नाही. हात नाहीत.

मी ओळखलं.

"बोला लेणीवाले," शेठ म्हणाले.

"आमलक आहे. शिखराच्या टोकाला, कळसाच्या खाली बसवतात तो दगड. इथे कधीतरी मोठं देऊळ असणार. ते पडलं, आणि त्याचा हा माथा..."

"म्हणजे मूर्ती नाही."

"नाही."

काकांनी कवच पंच्यात गुंडाळलं. वाटीत तेल ओतलं, शेंदूर कालवायला घेतला. "देवीला उघडी ठेवायची न्हाय," एवढंच म्हणाले.

शेठ जिंकले होते, पण त्यांनी पाय मागे घेतला, चपला दाराबाहेर काढल्या आणि गुडघ्यांवर बसले. "कळसाखालचा दगड? अरे बापरे! हा मी पाण्यात बुडवला तर माझी बा मला घरात घेणार नाही." मग एकदम उजळले. "वर चढवू! नव्या शिखरावर! त्याची जागा तीच ना?"

मी तर टाळीच वाजवणार होतो. माथा पुन्हा माथ्यावर!

"न्हाय," काका म्हणाले. पहिल्यांदाच आवाज चढला होता. "इतक्या पिढ्या ती खाली बसलीय. बायांनी तिथे ओटी काय शिडी लावून भरायची?"

शेठनी वर कौलांकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. आणि जे हसले, ते हसले.

देवी हलली नाही, नवं देऊळ तिच्याभोवतीच उभं राहिलं. पाणी तुंबतं म्हणून नवा चौथरा उंच घेतला, त्यामुळे गाभाऱ्यात आता पायऱ्या उतरून जावं लागतं. शिखरावर शेठच्या मार्बलचा कोरा आमलक, खाली शेंदराखाली जुना. आठ हातांची देवी दुकानातच हसतेय. पाहुणे पायऱ्या उतरताना म्हणतात, "किती प्राचीन आहे नाही?" भाषणबंदी असल्याने मी फक्त मान डोलावतो. फार मजा येते.

पण चैन नाही. माथा इथे, मग बाकीचं देऊळ कुठे गेलं? मी पार तारोडी गावापर्यंत विहिरींचे काठ, उंबरे, कपडे धुवायचे दगड उलटे करून बघत हिंडतो. परवा तसाच धापा टाकत देवळात शिरलो. काका नवा शेंदूर लावत होते, चांदीचे डोळे जागेवर बसवत होते.

"देवळाचं सगळं गेलं, तरी ती बसली ना?" मागे न बघता ते म्हणाले. "तुमीपण बसा आता. आणि जरा नथ द्या इकडं."