रिव्हर्सवाल्या मावशी आणि ते गोल बटण

तळ्यात होडी सोडायची म्हणजे आधी गाडीला ट्रेलर जोडायचा, ट्रेलरवर होडी चढवायची आणि मग हे सगळं लचांड धक्क्याच्या उतारावरून मागे मागे पाण्यात न्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की भल्याभल्यांना घाम फुटतो, कारण ट्रेलर हा जात्याच उलट्या डोक्याचा. मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो, डावीकडे फिरवलं की उजवीकडे, आणि जरा जास्त फिरवलं की वळून गाडीच्याच कुशीत शिरतो. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर नवराबायकोची जी कडाक्याची भांडणं होतात, त्यातली निम्मी या ट्रेलरपायी होतात.

आणि मग कुणीतरी म्हणतं, "मावशींना बोलवा."

मावशी म्हणजे होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांची बायको. काकांनी होडी ठाकठीक करायची आणि मावशींनी ती पाण्यात नेऊन सोडायची, अशी लग्नापासूनची वाटणी. लोक त्यांना रिव्हर्सवाल्या मावशी म्हणायचे आणि मावशींना ते मनापासून आवडायचं. गाडी जुनी, नाकाड बोनेटची. तिला ना पॉवर स्टिअरिंग, ना आतून हलणारे आरसे. बाहेर दोन आरसे होते ते तळहाताएवढे, आणि ट्रेलरवर होडी चढली की त्यात होडीच्या पोटाशिवाय काहीही दिसत नसे. पण मावशींना आरसे लागतच नव्हते. हँडल गरागरा फिरवून काच खाली करायची, अर्धं अंग खिडकीबाहेर काढायचं, मान पार मागे वळवायची आणि एक हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. सगळी मेख त्या खालच्या टोकातच होती. वर धरलं तर डोकं उलटंसुलटं होतं. खाली धरलं तर हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे, हात उजवीकडे नेला की ट्रेलर उजवीकडे. मावशी एका दमात होडी पाण्याला लावायच्या आणि काच वर करता करता बघ्यांकडे असा एक कटाक्ष टाकायच्या, की झालं, आता घरी जा.

ही मानच पुढे दगा देऊन बसली.

आधी नुसती दुखायची. मग हाताला मुंग्या यायला लागल्या, हातातून कप पडायला लागले. शेवटी ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, दुखणं गेलं, कप पडायचे थांबले. डॉक्टर खूश होते. जाता जाता सहज म्हणावं तसं म्हणाले, "फक्त मान आता फार वळणार नाही हं. दोन मणके एकत्र जोडलेत."

"फार म्हणजे किती?" मावशींनी विचारलं.

डॉक्टरांनी स्वतःची मान इवलीशी वळवून दाखवली. शेजारी बसलेल्याला निमंत्रण द्यायला पुरेल, एवढीच.

घरी आल्यावर मावशी काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांचं धाबं दणाणलं. मुलगा बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून कधीतरी यायचा. घरात सुतारकाका आणि सून. काकांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे पुढेही नाही आणि मागेही नाही. होड्या पोचवायला कुणी परका ड्रायव्हर ठेवायचा, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणीच तोंडातून काढत नव्हतं. मावशींना तर ते विचारानंही सहन होत नव्हतं. परक्याची त्यांना भीती नव्हती. त्यांना भीती होती त्यानंतर आपण घरात काय म्हणून असणार याची. स्वयंपाक सून करते, हिशेब सून बघते, होड्या काका बघतात. धक्का गेला की आपण नुसत्या खुर्चीत बसलेल्या आई. ऑपरेशनच्या आधीही त्या इतक्या भ्यायल्या नव्हत्या.

तेवढ्यात मुलानं नवी गाडी आणली.

ऐटबाज, उंच, आणि आत गुळगुळीत. मावशींनी सगळीकडून फिरून पाहिली आणि नाक मुरडलं. "काच खाली करायला हँडल नाही, गिअर टाकायला दांडा नाही, चावी फिरवायला भोक नाही. चालवायचं काय यात? नुसतं बसायचं?"

"आई, हिच्यात ट्रेलर मागे न्यायची सोय आहे," सून म्हणाली. "मागे कॅमेरा आहे, ते सगळं या पडद्यावर दिसतं. आणि हे गोल बटण. स्टिअरिंगला हातच लावायचा नाही. बटण डावीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे, उजवीकडे फिरवलं की उजवीकडे. स्टिअरिंग गाडीच फिरवते. मान वळवायचं कामच नाही."

"ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आहे ते," मावशी म्हणाल्या. पण डोळे बटणावरून हलेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिकामा ट्रेलर जोडायला लावला. काकांच्या कारखान्याच्या अंगणात, भिंतीकडून शेडकडे, सरळसोट जागा. मावशी बसल्या, पडदा लागला, बटण चालू झालं. ट्रेलर थोडा डावीकडे न्यायचा होता. मावशींनी बटणाला खालून बोट लावलं आणि झोकात डावीकडे ढकललं. खालची कड डावीकडे गेली, म्हणजे बटण फिरलं उजवीकडे, आणि ट्रेलरही आज्ञाधारकपणे उजवीकडे निघाला. मावशींनी आणखी जोरात ढकललं. तो आणखी उजवीकडे गेला. त्यात समोरचं स्टिअरिंग भूत बसल्यासारखं आपोआप गरगरायला लागलं. मावशींनी झडप घालून ते पकडलं. स्टिअरिंगला हात लागल्याबरोबर गाडीनं पिपाणी वाजवली आणि सगळी सोय बंद करून टाकली. ट्रेलर काकांच्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळला. पिंप आडवं झालं आणि रंधा मारत बसलेले काका गुडघ्यापर्यंत भिजले.

नवख्या माणसानं ही चूक केलीच नसती. नवखा बटण डावीकडे फिरवेल आणि ट्रेलर डावीकडे जाईल, संपलं. ही चूक करायला सगळं आयुष्य स्टिअरिंगचं खालचं टोक धरून काढलेलं असावं लागतं. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते एवढंच, की सुनेनं सहज म्हणून बसून पाहिलं आणि पहिल्याच फटक्यात ट्रेलर शेडमध्ये लावला.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. "ने तूच! सगळं तूच कर!" म्हणून त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. रागाच्या आत रडू होतं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात सुनेनं खरंच एक होडी धक्क्यावर नेली. मावशी शेजारच्या सीटवर ओठ आवळून बसल्या होत्या. सून उतारावरून अशी सरळ गेली की मावशींना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. पण ती थांबलीच नाही. होडी तरंगेपर्यंत मागे जात राहिली आणि गाडीची मागची चाकं शेवाळावर गेली. वर येताना चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी इंचाइंचानं पाण्याकडे घसरू लागली. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "पाय काढ," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पूर्ण काढ. आता ब्रेक. आता अगदी हळू, चाकाला कळूही न देता." गाडी वर आली.

घरी उतरताना सून म्हणाली, "आई, मला सरळ जाता येतं. कुठे थांबायचं ते कळत नाही. आणि तुम्हाला…"

"मला काय?"

"तुम्हाला सगळं कळतं, फक्त बोट चुकतं. ते मी दुरुस्त करू शकते."

सासूला असं तोंडावर सांगायला धाडस लागतं. या सुनेला मावशींनी एकदा जुनी गाडी शिकवायला घेतली होती आणि असा आरडाओरडा केला होता की ती निम्म्यातून उतरून पायी घरी आली होती. तीच आता शिकवायला उभी होती. मावशींनी तिच्याकडे बघितलं, बरंच काही बोलायचं गिळलं, आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी. काका झोपल्यावर."

शिष्य म्हणून मावशी महाकठीण निघाल्या. बटणाला शिव्या घालायच्या, पडद्याला घालायच्या, गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना घालायच्या. हात स्टिअरिंगकडे धावायचे. शेवटी सुनेनं त्यांना एक हात मांडीखाली घालून बसायला लावलं. मग उरला दुसरा हात, तो काही केल्या बटणाला खालूनच भिडायचा.

"आई, शेगडीचं बटण कसं धरता?"

"आता शेगडी कुठून आली?"

"भाजी करपायला लागली की आच कमी करता ना? तेव्हा खालून ढकलता का? वरून चिमटीत धरता आणि फिरवता. हे तसंच धरा. गाडीचं समजूच नका."

मावशींनी चिमटीत धरलं आणि डावीकडे फिरवलं. ट्रेलर डावीकडे गेला. "शहाणीच आहेस," त्या पुटपुटल्या. सुनेच्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

मग पोस्टमनची होडी तयार झाली. निवृत्त पोस्टमननं आयुष्यभराची हौस म्हणून ती काकांकडून बांधून घेतली होती, आणि त्याचा एकच हट्ट होता, होडी मावशींनीच सोडायची. सुट्टीचा दिवस होता. धक्का माणसांनी फुलला होता. मावशी गाडीत आहेत म्हटल्यावर लोक मुद्दाम बघायला थांबले. सून मागे जाऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली.

मावशींनी चिमटी धरली. गाडी मागे निघाली. सगळे बघताहेत एवढाच विचार मनात आला आणि चिमटी कधी सुटली, बोट खाली कधी गेलं, कळलंही नाही. ट्रेलर कडेच्या लाकडी खांबांकडे वळला. मावशींनी ब्रेक मारला. मागून एका गाडीनं हॉर्न दिला.

सून धावत खिडकीशी आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आई, मी करू का?"

आत्ता सरकून शेजारी बसलं की सुटका होती. मानेचं निमित्त होतं, कुणी हसलं नसतं. पण त्या सीटवरून पुन्हा इकडे येणं होणार नाही, हेही त्यांना स्वच्छ कळत होतं.

"नको. तू फक्त सांग."

त्यांनी गाडी पुढे घेतली, सरळ केली. धक्क्याचा रखवालदार जवळ आला. त्यानं मावशींना कधी दुसऱ्यांदा प्रयत्न करताना पाहिलं नव्हतं. तो हसत म्हणाला, "काय मावशी, आज तुम्हालाच कुणीतरी सांगतंय?"

"हो," मावशी म्हणाल्या, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. "सुनेकडे शिकतेय. अजून कच्ची आहे. तू जरा बाजूला हो, नाहीतर पायावर घालीन."

एक हात मांडीखाली घालून त्यांनी बटण चिमटीत धरलं. सून मागून ओरडत राहिली, "थोडं डावीकडे, आई! आणखी थोडं! सरळ!" आणि मावशी ती म्हणेल तसं करत राहिल्या. थांबल्या मात्र स्वतःच्या मनानं, तिनं सांगायच्या आधी, शेवाळाच्या अलीकडे. पोस्टमननं दोर सोडला. होडी हलली, मागे सरकली आणि पाण्यावर आली.

सून येऊन शेजारच्या सीटवर बसली. तिचे डोळे भरले होते.

"तुला काय झालं रडायला? गाडी मी चालवली."

"तुम्ही सगळ्यांसमोर स्वतःला कच्ची म्हणालात."

"मग? आहे कच्ची." मावशींनी ट्रेलर उतारावरून वर काढला. "तू आहेस ना शिकवायला. होईन पक्की."